बक्षिसाला थांबणारं मशीन

शालनकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो. मंगल कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर लग्न लाइव्ह दाखवायचं, त्यासाठी स्वस्तातला कॉम्प्युटर हवा आणि तो दिसायला पातळ, चकचकीत हवा, असा त्याचा हट्ट होता. पातळ मशीन मांडवात तापतं, असं मी त्याला तिसऱ्यांदा सांगत होतो. तेवढ्यात फोन वाजला. "इंजिनेर, आई गेली," पलीकडून काकूंची मुलगी सविता म्हणाली. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, "उद्या या." तो काही आला नाही, आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

मी इंजिनिअर नाही. बारामतीत माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी आणि गणित एकमेकांना कंटाळून वेगळे झालो, ते पुन्हा भेटलो नाही. हे मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "ते झालं. फुडं बोला, इंजिनेर." एखादी गोष्ट पटली नाही की काकू ती 'झाली' म्हणून बाजूला सारत. भावकीतलं भांडण असो, हुकलेली एसटी असो, नाहीतर माझी सर्व्हिस चार्जबद्दलची कुरकुर असो, सगळ्यांना तोच न्याय.

त्या निमगाव केतकीच्या. उंच, काटक, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. पहिल्यांदा आल्या त्या थेट काउंटरच्या आत येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या. पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "लाइव पडदा चालवायचाय. म्हशीच्या किमतीचं दाखवू नका. शेळीच्या किमतीत काय बसतंय ते दाखवा."

मी विचारलं, पडद्यावर काय दाखवायचंय? तर फोटो आणि मोबाइलवर काढलेले छोटे व्हिडिओ. मग कॉम्प्युटर कशाला, मी म्हणालो, सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून टीव्हीला लावा, आपोआप चालत राहील. काकूंनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"आन मधी बक्षीस आलं तर?"

काकूंचे यजमान म्हणजे शाहीर भिवातात्या. उजनी धरणाच्या पाण्यात त्यांचं जुनं गाव गेलं, त्या गावाचा पोवाडा त्यांनी रचला होता. वेशीपासून सुरुवात करायची आणि पाणी जसं चढत गेलं तसं घर न् घर, पार, शाळा, देऊळ, घाट घेत शेवटी नुसत्या पाण्यावर यायचं. ऐकणाऱ्यांत त्याच घरांतली माणसं बसलेली असायची. आपलं घर आलं की माणूस उठायचा, मंचापाशी जायचा आणि नोट पुढं करायचा. शाहिरानं असेल तिथं थांबायचं, डफ खाली घ्यायचा आणि देणाऱ्याचं नाव, गाव, पद असेल तर पद, आणि रक्कम माईकवरून पुकारायची. नावात चूक झाली तर पुढच्या जत्रेपर्यंत रुसवा. मग डफ उचलून जिथं सोडलं तिथून पुढं. पेनड्राइव्हमधला व्हिडिओ कुणाच्या बक्षिसाला थांबत नाही. शाहीर अजून शाळेपाशी आणि पडद्यावर देऊळ बुडून मोकळं, अशी गत व्हायची.

पडदा तरी कशाला, हे काकूंनी दुसऱ्या खेपेला सांगितलं. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी आधी दाराकडं पाहून घेतलं.

"शाहिरांना फुडचं आठवत न्हाय आता. जेवल्यालं आठवत न्हाय, ते चालतंय, मी परत वाढते. पर पोवाड्यात अडाकलं की मान खाली जाती त्येंची."

आदल्या वर्षी बावड्याला कार्यक्रम होता. एका बक्षिसासाठी शाहीर थांबले, नाव पुकारलं, आणि परत सुरू करताना दोन घरं मागं गेले. जे घर बुडवून झालं होतं तेच पुन्हा बुडवायला लागले. त्या घरातला एक जण समोर बसला होता. तो उठून म्हणाला, "आवो तात्या, आमचं घर दोनदा बुडवलं की!" मांडव हसला. शाहीरही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी डफ खुंटीला अडकवला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. बोलायचं बंद, अंघोळीचं भान नाही, ताटातलं तसंच.

"गाणं थांबलं की ह्यो माणूस थांबंल, इंजिनेर," काकू म्हणाल्या. "मला बाकी काय नको. त्येंनी उभं ऱ्हाऊन गायला पायजे."

काकू तीस वर्षं शाहिरांच्या मागं झीलकरी म्हणून उभ्या होत्या. शाहिरांनी ओळ टाकली की मागून 'जी जी रं जी' करणाऱ्या. सगळा पोवाडा त्यांना तोंडपाठ. मी म्हणालो, मग तुम्हीच मागून पुढचा शब्द का सांगत नाही? फुकटात काम होईल. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हा सल्ला काही शहाणपणाचा नव्हता, पण मला खरंच कळेना.

"सांगितला की एकडाव," काकू म्हणाल्या. "शब्द सांगितला की त्येंना कळतंय आपण इसरलो. चितर दिसलं की त्येंना वाटतंय आपल्यालाच आठवलं."

एवढं बोलून त्यांनी पेरू कापायला घेतले.

म्हणजे हवं होतं ते असं. शाहिरांच्या मागं मोठा पडदा, लोकांसाठी. पुढं, पायापाशी, छोटा पडदा, शाहिरांसाठी. दोन्हींवर एकच चित्र. बाजूला टेबलाशी काकू. शाहिरांना सांगायचं, की पब्लिकला काय दिसतंय ते तुम्हालाही दिसावं म्हणून खालचा पडदा आहे. शाहीर या गोष्टीवर खूश होते. हल्ली लोकांना नुसता आवाज पुरत नाही, पडदा लागतो, हे त्यांनी मला नंतर कितीतरी वेळा ऐकवलं.

मग सुरू झाली निवड. माझ्या दुकानाच्या इतिहासात एवढी चिकित्सा करून कुणी कॉम्प्युटर घेतला नसेल. काकू बाजारच्या दिवशी यायच्या, एक मशीन समोर घ्यायच्या, त्यात आपले व्हिडिओ भरायला लावायच्या आणि कळ दाबून बघायच्या. कळ दाबली आणि चित्र यायला जरा वेळ लागला की मशीन नापास. "इचार करतंय हे," त्या म्हणायच्या. "इचार करणारं नको. तितं शाहिरांचाच इचार अडाकतोय, त्यात ह्येचा कुठं घालू?"

आणि बक्षिसाची परीक्षा तर मलाच द्यावी लागे. काकू चित्रं चालवायच्या आणि मी कुठंही मध्येच ओरडायचं, "बक्षीस!" मग कुणाचं तरी नाव, गाव, रक्कम असं सगळं साग्रसंगीत पुकारायचं. काकू चित्र थांबवायच्या, माझं झालं की तिथूनच पुढं न्यायच्या. एकदा मी ऐन भरात पुकारत असताना कुरियरवाला आत आला आणि दारातच थबकला. "आत या की," काकू त्याला म्हणाल्या, "तुमी बी द्या एक." त्यानं खरंच दिलं. स्वतःचं पूर्ण नाव घेऊन दिलं, आणि जाताना मला विचारून गेला की बरं पुकारलं का.

एक नवा लॅपटॉप काकूंना फार आवडला होता. चित्र झर्रकन यायचं. त्यांनी तो अर्धा तास चालू ठेवला आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याच्यावर तळहात ठेवला. "ताप हाय ह्याला," म्हणून परत केला. मी म्हणालो, मग डेस्कटॉप जोडून देतो. त्याच पैशात जास्त ताकद मिळते, आणि पंखे मोठे असल्यानं तापत नाही. तो त्यांनी महिनाभर घरी नेऊन पाहिला. जत्रेत लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत मधे अंधार असतो, घरी तशी लाइट घालवून बघितली तर डेस्कटॉप बंद पडायचा आणि पुन्हा चालू व्हायला शाहीर थांबू शकतील त्याहून जास्त वेळ घ्यायचा. तोही परत आला.

शेवटी पुण्याहून कुठल्याशा कचेरीतले जुने लॅपटॉप लॉटमध्ये आले. जाड, जड, कळकट, पण बॅटरी दमदार आणि दोन पडदे जोडायला दोन जागा. मी त्यातला एक उघडून साफ केला, जुनी हार्ड डिस्क काढून झटपट चालणारी एसएसडी बसवली, मेमरी वाढवली. काकूंचे व्हिडिओही मी आकारानं लहान करून दिले, म्हणजे मशीनला ओझं नको. चित्रं अदलाबदल करायचं सॉफ्टवेअर फुकटातलं. काकूंनी कळ दाबली. चित्र आलं. पुन्हा दाबली, आलं. मी तिथल्या तिथं प्लग काढला, तरी मशीन चालूच. त्यांनी हात ठेवून ताप पाहिला.

"दिसाय ध्यान हाय," त्या म्हणाल्या. "पर ऐकतंय." आणि पदराला हात पुसून त्यांनी मशीन मांडीवर घेतलं.

कळांवर त्यांनी टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली देवळाची, हिरवी पाराची, चंद्रकोर शाळेची. का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर 'ते झालं, फुडं बोला' एवढंच ऐकावं लागलं असतं.

काकूंना गोड बोलता यायचं नाही. स्टेजवाला, लाइटवाला, सरपंचाचा पुतण्या, सगळ्यांशी त्यांचं वाजायचं. एका डीजेवाल्यानं लॅपटॉपशेजारी कोल्ड्रिंकची बाटली टेकवली, त्याला त्यांनी जो उठवला तो मांडवाबाहेर नेऊन सोडला. मला तर त्या सरळ तोंडावर म्हणायच्या की तुमच्या दुकानात निम्मी धूळच विकायला आहे. फक्त शाहिरांशी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्यांना त्या घरातसुद्धा शाहीरच म्हणत. "शाहीर, चहा घ्या." "शाहीर, ती चप्पल तुमची न्हवं."

उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की जुनी गावं वर येतात. आधी देवळाचा कळस, मग सभामंडप, मग घरांच्या पायाचे दगड. व्हिडिओ काढायला म्हणून काकूंनी एकदा शाहिरांना तिकडं नेलं, मी गाडी घेऊन बरोबर गेलो होतो. भेगाळलेल्या गाळातून शाहीर आमच्या पुढं तरातरा चालत होते. एका जागी थांबून म्हणाले, "पावणं, हितं आमचा उंबरा." काकूंनी मोबाइलवर शूटिंग घेतलं. पुढं शंभर पावलांवर दुसरे दगड लागले. शाहीर पुन्हा थांबले, वाकून दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पावणं, हितं आमचा उंबरा."

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी त्याचंही शूटिंग घेतलं.

परतताना शाहीर पुढं गेल्यावर मी हळूच विचारलं, "खरा कुठला?"

"पयला," काकू म्हणाल्या. "पर कोणत्या दिवशी त्येंना कुठला दिसंल, काय सांगता येतंय? दोन्ही असू द्यात."

आणि खरंच त्यांनी दोन्ही उंबरे मशीनमध्ये ठेवले. दोन टिकल्या, दोन कळा. कार्यक्रमात उंबरा आला की त्या आधी शाहिरांच्या तोंडाकडं बघत आणि मग त्यातली एक कळ दाबत. लाइव्ह व्हिडिओचं काम करणारे पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक मी पाहिलेत. ते पडद्याकडं बघतात, फार तर पब्लिककडं. काकूंनी कार्यक्रम चालू असताना मोठ्या पडद्याकडं मान वळवल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षं हे चाललं, आणि छान चाललं. शाहीर सुपाऱ्या घेत होते, म्हणजे घेत होत्या काकूच. तारीख, गाव, मांडव, सगळं त्या ठरवायच्या. इंदापूरला झाला, निमगावच्या बाजारतळावर झाला. बक्षीस यायचं, शाहीर डफ खाली घ्यायचे, खणखणीत आवाजात नाव पुकारायचे, मग सहज नजर टाकावी तशी खाली टाकायचे, आणि पुढची ओळ उसळून यायची. मागं झील धरायला आता दुसरी माणसं होती. काकूंचे ओठ मात्र टेबलाशी बसून हलत असायचे. घरी शाहीर जेवत, बोलत, सवितेच्या मुलांना डफ वाजवून दाखवत. मी काकूंना म्हणालो, जमलं की तुमचं. त्यांनी लगेच टेबलाच्या लाकडाला हात लावला आणि मला गप्प बसवलं.

शेवटचा कार्यक्रम त्याच बुडालेल्या गावाच्या नव्या गावठाणात झाला, जत्रेचा. मी मुद्दाम गेलो होतो. दिवेलागणीची वेळ, मांडव भरलेला, पुढं म्हातारी माणसं, ज्यांनी जुनं गाव डोळ्यांनी पाहिलेलं. शाहिरांनी वेस घेतली, पार घेतला. आवाज असा लागला होता की माझ्या शेजारचे आजोबा मिशी पुसायच्या निमित्तानं डोळे पुसत होते. शाळेपाशी एक बक्षीस आलं. शाहिरांनी नाव पुकारलं, अचूक, पदासकट. डफ उचलला. खाली बघितलं.

खालच्या पडद्यावर पुढची आळी होती. शाहीर तिच्याकडं बघत राहिले.

काकूंनी तीच आळी पुन्हा दाखवली. मग एक चित्र मागं घेतलं, शाळेचं. मग पुढं, देवळाचं. पहिला उंबरा. दुसरा उंबरा. प्रत्येक चित्र कळ दाबताक्षणी येत होतं. मशीन तसूभरही अडलं नाही. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की माझं मशीन बंद पडावं, केबल जळावी, जनरेटर जावा. म्हणजे निदान दोष द्यायला काहीतरी मिळेल. शाहीर त्या चित्रांकडं कुतूहलानं बघत होते. छान आहेत, कुठली आहेत, असं विचारतील की काय असा त्यांचा चेहरा होता. तुणतुणं एकटंच वाजत राहिलं. मांडवात कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

काकू उठून उभ्या राहिल्या. शाहिरांच्या चेहऱ्याकडं त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं आणि मधलं सगळं सोडून अगदी शेवटची कळ दाबली. दोन्ही पडदे पाण्यानं भरले. नुसतं पाणी, काठ नसलेलं.

शाहिरांची मान वर आली. पाण्याची ओळ त्यांना आठवली. ती त्यांनी घेतली, आणि ती शेवटचीच असल्यामुळं तिच्यामागून शेवटही आपोआप आला. डफावर थाप पडली, हात जोडले गेले, पोवाडा संपला. ती आळी, देऊळ, घाट, सगळं तसंच राहिलं होतं, आणि हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला कळलं होतं. तरी म्हातारे उठले आणि एकेक करून शाहिरांच्या पाया पडून गेले. शाहीर प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होते. आज पब्लिक चांगलं होतं, असं ते मला म्हणाले.

मी काकूंना आवरायला मदत करत होतो. कन्हेरीचा एक माणूस आला. त्यांच्या जत्रेला शाहीर हवे होते. शाहीर पलीकडं खुर्चीत बसून चहा पीत होते. काकूंनी केबल गुंडाळता गुंडाळता हळू आवाजात सांगितलं, "शाहीर आता थांबले. ह्यो शेवटचा व्हता." तो माणूस काही बोलणार होता, पण काकूंच्या तोंडाकडं बघून गेला. केबलचं वेटोळं त्यांनी दोनदा सोडलं आणि दोनदा घातलं. मी उरलेल्या वायरी गोळा करून गाडीत नेऊन ठेवल्या.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत काकू गेल्या. ताप आला, अंगावर काढला, मग उशीर झाला. शाहीर सवितेकडं असतात. आई कुठं गेली असं विचारलं की सविता सांगते, बाजारला. त्यांना ते पुरतं.

त्या जत्रेच्या संध्याकाळनंतर मी काकूंना पाहिलं नाही. मी त्या दोघांना माझ्या गाडीतून निमगावला सोडलं होतं. दोघं मागं बसले होते. उकाडा मरणाचा, काचा खाली घेतलेल्या. बरंच अंतर गेल्यावर शाहीर म्हणाले, "त्यो कन्हेरीचा माणूस आल्ता न्हवं? काय ठरलं?"

"जायाचं की," काकू म्हणाल्या.

"कवा?"

"दिस धरून कळवत्यात."

"मग आवाज राखाया पायजे," शाहीर म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून मफलर काढून गळ्याभोवती गुंडाळला. आरशात मला दिसलं, काकू त्यांच्या अंगावरून वाकल्या आणि त्यांच्या बाजूची काच वर केली. मग स्वतःच्या बाजूची केली. मी एसी लावायला हात पुढं केला तर मागून म्हणाल्या, "त्ये नको, इंजिनेर. गळा धरंल त्येंचा." मग मीही माझी काच वर घेतली, आणि आम्ही तिघं घामाघूम होत निमगावपर्यंत आलो.